टाकी भरली

मी गाते असं सांगितलं की लोक खूश होतात, आणि काय गाते ते सांगितलं की खुर्ची जरा मागे घेतात. हेवी मेटल. त्यातही बेंबीच्या देठापासून काढायचा तो गुरगुराट. बाईमाणसाने, त्यातून माझ्या रंगाच्या, माझ्या उंचीच्या आणि दिवसभर पांढरा कोट घालून दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या बाईने असलं काही करावं, हे कुणाला पटत नाही. आईला तर नाहीच नाही. "घसा बसलाय तर औषध घे, माइक कशाला घेतेस?" माझ्या कलेवर तिने आजवर केलेली समीक्षा एवढीच.

आमच्या बँडचं नाव दातखीळ. नाव मी दिलं, धंद्याचा असर. आम्ही चौघं. गिटार आणि बेसवर दोघे भाऊ, त्यांना सगळे जुळे म्हणतात आणि ते जुळे नाहीत. त्यांची आई एका खंडातली, वडील दुसऱ्या खंडातले, आणि घरात भांडणं तिसऱ्याच भाषेत. ड्रमवर माझा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. पिढ्यान्‌पिढ्या इथलाच, गोरा, भुऱ्या दाढीचा, दारातून वाकून येणारा. आमची ओळखही लिफ्टमुळेच. मी लॅबच्या लिफ्टमध्ये अडकले होते आणि जीव खाऊन ओरडत होते. हा वरच्या मजल्यावर हातात पाना घेऊन ऐकत बसला. दार उघडायची त्याला काही घाई नव्हती. बाहेर आल्यावर मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे गायची जागा रिकामी आहे."

आता या मेटलवाल्यांबद्दल सांगते. सगळे काळे शर्ट, सगळ्यांचे केस खांद्यावर, सगळ्यांना वाटतं की आपण जगापेक्षा वेगळे. इतके एकसारखे वेगळे, की सुरुवातीला मी गर्दीत भलत्याच माणसाचा हात धरून चालायला लागायचे. पहिल्यांदा कार्यक्रमाला गेले तेव्हा दारावरच्या दांडग्याने मला खालून वर बघितलं आणि सांगितलं, "सफाईवाल्यांचं दार मागे आहे." आत गेले, धक्काबुक्कीत पडले, आणि गुडघा जमिनीला टेकायच्या आत चारी बाजूंनी हात आले आणि मला उचलून उभं केलं. गुडघा कोणत्या रंगाचा आहे हे कुणी बघितलं नाही. मेटलवाले म्हणजे हे दोन्ही. पुष्कळदा एकाच कातडीत दोन्ही असतात. त्या दारावरच्यानेच पुढे आमचा शर्ट विकत घेतला आणि मला म्हणाला, "मला रंग दिसतच नाही." आमचा शर्ट काळ्यावर काळ्या छपाईचा आहे, तेव्हा खरंही असेल.

शिवाय शुद्धतावाले वेगळेच. त्यांच्या मते हे संगीत थंडीत जन्मलं, त्याला बर्फ लागतो, आणि आमच्यासारख्यांनी त्यात पडू नये. पांढऱ्याच्या किती छटा असतात ते ज्याला बघायचंय त्याने माझ्या टेबलापाशी यावं. मी दिवसभर शेडची पट्टी घेऊन दातांचा रंग जुळवत असते. शुद्ध पांढरा दात तोंडात बसवला की माणूस भूत दिसतो.

तर, गाणं. ज्याच्यामुळे सगळं रामायण झालं ते.

आम्ही सराव करतो आईच्या घराच्या मागच्या खोलीत. आई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, दोरीवर लटकलेल्या गिऱ्हाइकांच्या पँटी, आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर पोटमाळ्यावरची पाण्याची टाकी. दुपारी नळाला पाणी येतं तेव्हा ती भरायची. टाकी भरली की नळ आपोआप बंद व्हायला हवा, पण ती करामत मी शाळेत असल्यापासून बिघडलेली आहे. वेळेवर तो बंद केला नाही तर पाणी थेट पँटींवर. त्यामुळे माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त वेळा ऐकवलं गेलेलं वाक्य कोणतं, तर "टाकी भरली, नळ बंद कर."

एका रविवारी जुळ्यांनी नवी चाल आणली. चाल अशी जबरदस्त की अंगावर काटा आला, पण शब्द कुठे होते? मी माइक धरून उभी, काय गुरगुरावं कळेना, तेवढ्यात पुढून आईची हाळी आली. मी तीच उचलली. टाकीऽऽ भरलीऽऽ. नळ बंद कर. तेवढ्यापुरतं म्हणून. खरे शब्द नंतर बसवू म्हटलं. पण तो 'ळ' घशातून असा काही निघाला की जुळ्यांनी वाजवणं थांबवून माझ्याकडे बघितलं. सांगते, आमच्या भाषेत 'ळ'इतकं मेटल अक्षर नाही. खरे शब्द मग आलेच नाहीत.

गाणं गाजलं. आमच्या जगात गाजणं म्हणजे जिथेतिथे काळे शर्टवाले ते ओरडायला लागणं. आमची घरची भाषा या गावात फारशी कुणाला येत नाही, आणि गुरगुराटातले शब्द तर ज्याची भाषा त्यालाही कळत नाहीत. लोकांनीच ठरवलं की हा प्राचीन मंत्र आहे. कुणी म्हणालं युद्धाचा, कुणी म्हणालं मृतांना उठवायचा. एकाने तो मनगटापासून कोपरापर्यंत आमच्या लिपीत गोंदवून घेतला, 'टाकी भारली' असा. कार्यक्रमानंतर येऊन त्याने हात पुढे केला आणि भरल्या डोळ्यांनी सही मागितली. मी केली. काय करणार? त्याला सांगायचं का, की बाबा रे, तू हातावर आमची प्लंबिंगची तक्रार लिहून घेतली आहेस, आणि तीही चुकीची?

मग या वर्षी मोठ्या मैदानावरच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. तिथे आम्ही नेहमी वाजवतो, पण स्वच्छतागृहांच्या मागच्या छोट्या मंचावर. यंदा थेट समन्वयक बाईंच्या ऑफिसात बोलावलं. बाई गोड. इतक्या गोड की आपणच काहीतरी चूक केली असावी असं वाटायला लागतं. म्हणाल्या, "यंदाचा आमचा विषय आहे, मेटलचे सगळे रंग. तुम्हाला मुख्य मंच. सूर्यास्ताची वेळ."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते कुणी असं टेबलावर चहासारखं ठेवलं की हात पुढे होत नाही.

बाईंनी आमचा फोटो पुढे ओढला. माझ्यावर बोट ठेवलं आणि हसल्या. जुळ्यांवर ठेवलं आणि बाईंना भरून आलं. "दोन खंड, एका घरात!" मग बोट माझ्या नवऱ्यावर आलं आणि थांबलं.

"हे तंत्रज्ञ का?"

"ड्रमर," मी म्हटलं. "आणि माझे यजमान."

"उत्तमच वाजवत असतील हो. प्रश्न वाजवण्याचा नाहीच." बाईंनी मान तिरकी केली. "पण या चित्रात ते जरा... तुमच्यातले वाटत नाहीत."

हे वाक्य मला पाठ होतं. लग्न ठरवलं तेव्हा आई नेमकं हेच म्हणाली होती. आरडाओरडा नाही, रडारड नाही. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "आपल्यातला नाही." आणि तेव्हापासून ती त्याच्याशी थेट एक शब्द बोललेली नाही. तो दर रविवारी येतो, तिच्या मशीनचा पट्टा बदलतो, तिच्या हातचं जेवतो. पण बोलणं माझ्यामार्फत. तो समोर बसलेला असतो आणि ती मला म्हणते, "त्यांना विचार, चहा हवाय का." तिला इथली भाषा येत नाही असंही नाही. गिऱ्हाइकांशी घासाघीस करताना ती इथल्यांनाही हार जात नाही. जावयापुरतीच तिची जीभ टाळ्याला चिकटते.

तर एका बाजूला आई, तिला तो आपल्यातला नाही. दुसऱ्या बाजूला ही बाई, तिलाही तो आमच्यातला नाही. आणि मध्ये हा माणूस, ज्याने बँड काढला, मला उभी केली, स्वच्छतागृहांच्या वासात वर्षानुवर्षं सामान वाहिलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

बाईंनी दुसरा वादक शोधूनही ठेवला होता. हातढोल वाजवणारे एक गृहस्थ. फोटो दाखवला. गृहस्थ माझ्या देशाचे नव्हते, माझ्या भाषेचे नव्हते, मेटलशी तर त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण रंग अगदी जुळत होता, शेडची पट्टी लावून घेतल्यासारखा.

तेव्हा मी थाप मारली. आधी विचार केला असता तर सुचली नसती. "त्याचं काय आहे," मी आवाज खाली आणून म्हटलं, "तो मंत्र कुणाच्याही तालावर म्हणता येत नाही. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ज्याला स्वीकारलंय, त्याच्याच तालावर. माझ्या आईने यांना स्वीकारलंय."

बाईंनी छातीवर हात ठेवला. मला वाटलं, जिंकलं. पण त्या म्हणाल्या, "मग मला तुमच्या आईंना भेटायलाच हवं. छोटी फिल्म करू. मंत्र आणि त्याची मुळं. आईंनी कॅमेऱ्यासमोर एवढंच सांगितलं की झालं."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो बूट काढत होता. "तुम्ही जा," म्हणाला. "तो ढोलवाला घ्या. सामान मी उचलतो." त्याच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता, म्हणून मला रडू आलं. मी न्हाणीघरात जाऊन रडले, कारण आमच्या घरात मेटल गाणारी मी आहे.

दुसऱ्या दिवशी आईकडे गेले. म्हटलं, "रविवारी एक बाई येणार आहेत. तुला विचारतील, याला स्वीकारलंय का. तू नुसती हो म्हण."

आई एका पँटची उंची कमी करत होती. तोंडात टाचण्या. त्या एकेक काढून तिने डबीत टाकल्या. "म्हणजे खोटं बोलायला लावतेस."

"एकदाच."

"बघू," ती म्हणाली. आईचं 'बघू' म्हणजे काय ते सगळ्या मुलांना ठाऊक असतं. मुख्य मंच गेला आणि नवराही तोंडघशी पडला, असं धरूनच मी उठले.

रविवारी बाई आल्या, सोबत कॅमेरावाला. खुर्ची रिकामी असून बाई जमिनीवर बसल्या, त्यामुळे आईलाही खुर्चीवर बसवेना आणि दोघी समोरासमोर अवघडून बसल्या. जुळे लोंबत्या पँटींखाली शिस्तीत उभे. नवरा कोपऱ्यात स्टुलावर, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. कॅमेरा सुरू झाला.

बाईंनी आधी सगळ्यांची क्षमा मागितली. कशाची ते कळलं नाही, पण मनापासून मागितली. मग म्हणाल्या, "माझे उच्चार चुकतील. पण तो मंत्र माझ्या तोंडून एकदा आईंच्या कानावर घालायची परवानगी द्या." डोळे मिटले, हात जोडले, आणि अत्यंत भक्तिभावाने, संथ लयीत त्या म्हणाल्या, "ताकी भरली. नल बंद कर."

आईने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. लहानपणी त्या नजरेपाठोपाठ चापट यायची.

"ताकी भरली," बाई पुन्हा म्हणाल्या. "नल बंद कर."

आणि कोपऱ्यातून स्टूल सरकल्याचा आवाज आला. नवरा उठला. कुणाकडे बघितलं नाही, काही बोलला नाही. कॅमेऱ्याच्या पुढून वाकून आत गेला. शिडी भिंतीला टेकल्याचा आवाज, मग नळाचं ते ओळखीचं किर्र. मग हात पुसत बाहेर आला आणि परत स्टुलावर बसला.

आमच्या भाषेतलं त्याला येतं ते एवढंच. माझे कान या गाण्यापायी अर्धे कामातून गेलेत, त्यामुळे आई पुढून माझ्या नावाने ओरडते आणि रविवारी उठतो तो. कितीतरी वर्षं. ते वाक्य त्याला सांगितलेलं नसतं, तरी काम तोच करतो. ते कुणी म्हणायचं, कशासाठी म्हणायचं, डोळे मिटून का म्हणायचं, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. टाकी भरली म्हणजे नळ बंद करायचा.

बाई भारावल्या होत्या. "हा काय विधी होता?" त्यांनी कुजबुजत विचारलं. मी दुसरी थाप जुळवायला लागले. बाई आईकडे सरकल्या. "आई, खरं सांगा. यांना हे करायचा अधिकार आहे का? म्हणजे, ते तुमच्यातले नाहीत ना?"

आईने हातातलं कापड खाली ठेवलं.

"कोण म्हणतं?" तिने इथल्या भाषेत, गिऱ्हाइकांशी बोलायच्या आवाजात विचारलं. "आमच्यातला कोण आणि कोण नाही, ते तुम्ही ठरवणार? हे माझे जावई आहेत. तुमच्या त्या मंत्राचं म्हणाल, तर या घरात तो कळतो फक्त यांना. माझी पोरगी नुसती बोंबलते."

बाईंचे डोळे भरून आले. कॅमेरावाल्यानेही कॅमेऱ्यामागे नाक ओढलं. मला मात्र हसावं की रडावं कळेना, कारण आई खोटं बोललीच नव्हती.

मग ती त्याच्याकडे वळली. मान वर करून त्याच्याकडे तिने असं सरळ बघितल्याचं मला आठवत नाही. आणि आमच्या भाषेत म्हणाली, "जावईबापू, दमलात. चहा टाकते, घ्याल ना?"

जावईबापूंना त्यातलं अक्षर कळलं नाही. सासू आपल्याकडे बघून तिच्या भाषेत काहीतरी बोलली, म्हणजे नळच असणार, असं समजून तो ताडकन उठला आणि पुन्हा आत निघाला. आईने हात लांब करून त्याच्या शर्टाची बाही धरली. "बसा," ती म्हणाली. "बसा हो. भरली नाही टाकी." बाही सोडायचं मात्र तिला सुचत नव्हतं, त्यामुळे तो बिचारा अर्धवट वाकून तसाच उभा राहिला.

मुख्य मंच मिळाला. माहितीपत्रकात नवऱ्याच्या फोटोखाली 'दीक्षा घेतलेला वादक' असं छापलं, आणि फोटोत तो मुळात कडेला होता तो आणखी थोडा कापला. त्याने पारंपरिक काहीतरी घालावं असा बाईंचा आग्रह होता. तो लिफ्टवाल्यांचा निळा डगला घालून आला आणि ही त्याच्या जमातीची परंपरा आहे असं म्हणाला. बाईंनी ते टिपून घेतलं.

सूर्य मैदानाच्या कडेला टेकला होता. मी पहिला गुरगुराट काढला आणि समोरून त्याला उत्तर आलं. गोरे, काळे, पिवळे, तपकिरी, दाढीवाले, केस उडालेले, शुद्धतावालेसुद्धा, मैदानभर पसरलेली ती सगळी माणसं मुठी वर करून एका आवाजात ओरडत होती. टाकी भरली! नळ बंद कर! 'ळ' निम्म्यांना जमत नव्हता, पण जीव तोडून ओरडत होते. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

आई मंचाच्या बाजूला खुर्चीवर होती, कानात कापूस घालून. तिथे काय झालं ते मला नंतर फिल्ममध्ये दिसलं. बाई तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या आहेत आणि कॅमेरा दोघींवर आहे. बाई विचारतात, "आई, इतक्या रंगांची इतकी माणसं तुमच्या घरचा मंत्र म्हणताहेत. काय वाटतं तुम्हाला?"

आई कापूस जरा बाहेर काढते. मैदानाकडे बघते. मग ड्रमवरच्या निळ्या डगल्याकडे बघते.

"ओरडतायत सगळे," ती म्हणते. "पण उठतो तो एकटाच."

फिल्म याच वाक्यावर संपते. बाई ती गावोगाव दाखवत असतात. मी दोन-तीनदा गेले आहे. दर वेळी शेवटी दिवे लागतात, लोक डोळे पुसतात आणि खूप वेळ टाळ्या वाजवतात, बसल्या जागेवरून.